‘पठाण’ ते ‘छावा’: कलेक्शनचे आकडे आणि आपली पोरं

जुम्याची नमाज आटोपली की मोहल्ल्याच्या कट्ट्यावर हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘ओपनिंग किती लागली?’ पूर्वी हा प्रश्न वितरक विचारायचा, थिएटरचा मॅनेजर विचारायचा, फार तर फिल्मी साप्ताहिक चाळणारा एखादा शौकीन विचारायचा. आता अकरावीतल्या मुलालाही नेट आणि ग्रॉस हे शब्द पाठ आहेत. सकाळच्या शोला किती टक्के खुर्च्या भरल्या, रात्री किती, मुंबईत किती आणि दिल्लीत किती, हे तो शेअर बाजाराच्या दलालासारखं सांगतो. छंद म्हणून यात वाईट काही नाही. सचिनच्या शतकांचे आकडे तोंडपाठ असणारी पिढी आपणच होतो की.

अडचण वेगळी आहे. गेल्या तीन-चार वर्षांत हा आकडा गल्ल्याचा राहिलेला नाही. तो धावफलक झालाय, आणि या सामन्यात दोन संघ आहेत: ‘आपला’ पिक्चर आणि ‘त्यांचा’ पिक्चर. मार्च २०२२ मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’ चालला तेव्हा आपल्याकडे घराघरात एक धास्ती होती. जानेवारी २०२३ मध्ये बहिष्काराच्या हाका डावलून ‘पठाण’ धो-धो चालला, तेव्हा अनेकांनी असा सुस्कारा सोडला की जणू कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागलाय. मे महिन्यात ‘द केरला स्टोरी’ आला, पुन्हा चेहरे उतरले. ऑगस्टमध्ये ‘गदर २’, सप्टेंबरमध्ये ‘जवान’. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ आणि मार्चअखेर ईदला ‘सिकंदर’. प्रत्येक शुक्रवारी हार-जीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कलेक्शनवरून सुरू झालेला वाद तिसऱ्या-चौथ्या मेसेजला धर्मावर येतो, आणि तिथून तो कुठे जाईल याचा नेम नसतो.

सिनेमा पाहावा की पाहू नये, हा प्रश्न आपल्या घरांत आहेच. काही घरांत टीव्हीसुद्धा नाही, काही घरांत ईदची दुपार पिक्चरशिवाय पूर्ण होत नाही. तो वाद इथे सोडवायचा नाही. पण ज्या घरात पिक्चर बघत नाहीत, त्या घरातला मुलगाही हे आकडे बघतो, हे मात्र आई-वडिलांनी ध्यानात घ्यावं. म्हणून हा आकडा तयार कसा होतो, ते नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, भारतात कलेक्शनचा अधिकृत, सर्वांसाठी खुला असा हिशेब नाही. अमेरिकेत बहुतेक थिएटरांच्या तिकीट खिडकीचे आकडे एका यंत्रणेत जमा होतात आणि धंद्यातले सगळे तेच वापरतात. आपल्याकडे काही आकडे निर्माता सांगतो, काही ट्रेड अ‍ॅनालिस्ट सांगतात, काही वेबसाइट ऑनलाइन बुकिंगवरून अंदाज बांधतात. एकाच चित्रपटाच्या पहिल्या दिवसाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात ते म्हणूनच. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचे आकडे बऱ्यापैकी खात्रीचे असतात, कारण तिथे सगळं संगणकावर. पण छोट्या गावातल्या एकपडदा थिएटरचा आकडा बऱ्याचदा फोनवरून येतो, आणि वर पोहोचेपर्यंत त्यात कुणी काय मिळवलं हे अल्लाहच जाणे.

दुसरी गोष्ट, आकडा कोणता? समजा तिकीट ११८ रुपयांचं आहे. त्यात १८ रुपये जीएसटी. म्हणजे ग्रॉस ११८, नेट १००. या शंभरातले सगळे निर्मात्याला मिळत नाहीत. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं मोठं भांडण झालं होतं, दोनेक महिने नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सला लागलेच नव्हते. त्यानंतर ठरलेल्या वाटणीत पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा वितरकाचा हिस्सा ठरला. ढोबळमानाने तीच पद्धत चालत आली आहे. म्हणजे ११८ रुपयांच्या तिकिटातून वितरकाकडे पन्नासच्या आत-बाहेर जातात, आणि आपला खर्च व कमिशन कापून तो निर्मात्याला देतो. पहिल्या तीन दिवसांसाठी एवढी आदळआपट का होते, तेही यातून कळतं. जितका उशीर तितका हिस्सा कमी.

आता गंमत बघा. ‘पठाण’चे हजार कोटी म्हणतात ते जगभरातलं ग्रॉस, साधारण १,०५० कोटी. भारतातलं नेट घेतलं तर ते साडेपाचशे कोटींच्या आत राहतं. ‘काश्मीर फाइल्स’चे अडीचशे कोटी म्हणतात ते भारतातलं नेट. फेसबुकवर आपला पोरगा एकाचं जगभरातलं ग्रॉस घेतो, दुसऱ्याचं देशातलं नेट घेतो आणि चौपट-चौपट म्हणून नाचतो. समोरचाही तेच करतो, फक्त उलट्या बाजूने. धंद्याच्या भाषेत तर आणखी एक हिशेब असतो, लावले किती आणि मिळाले किती. त्या हिशेबाने ‘काश्मीर फाइल्स’ हा फार कमी पैशात बनलेला आणि कित्येक पट कमावलेला चित्रपट आहे. आपल्याला आवडो न आवडो, नफ्याच्या टक्केवारीत ‘पठाण’ त्याच्या मागे आहे.

आणि सगळ्यात मोठा जगभरातला आकडा म्हणाल तर तो ‘दंगल’चा, दोन हजार कोटींच्या घरातला. त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा चीनमधून आला. चिनी प्रेक्षकाने महावीर फोगटची गोष्ट बघितली याचा आपल्या देशातल्या कुठल्याही वादाशी काय संबंध?

२०२३ च्या सप्टेंबरअखेरची एक गोष्ट तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘गदर २’ ने ‘पठाण’चा हिंदी नेटचा आकडा ओलांडला म्हणून समाजमाध्यमांवर रणकंदन झालं. दोन्ही आकडे ५२४-५२५ कोटींचे. फरक एखाद्या कोटीचा, म्हणजे पाव टक्क्याच्याही आत. ज्या हिशेबाचं ऑडिट कुणी जाहीर करत नाही, त्यात पाव टक्क्याने कोण जिंकलं हे ठरवायचं कसं? शिवाय मध्ये रक्षाबंधनाला ‘गदर २’ ची दोन तिकिटांवर दोन मोफत अशी योजना होती. ‘पठाण’नेही पुढच्या आठवड्यांत तिकिटं स्वस्त केली होतीच. धंदा आहे, दुकानदार सेल लावतोच. पण सेलमध्ये किती साड्या खपल्या यावरून गावाचा कल कुणी काढत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा हिशेब. समजा एखाद्या चित्रपटाने देशात ५०० कोटी नेट कमावले. सरासरी नेट तिकीट २०० रुपये धरा. म्हणजे तिकिटं विकली गेली अडीच कोटी. त्यात दोनदा-तीनदा बघणारे आले, आपल्या मर्जीने न आलेले, नवऱ्याबरोबर किंवा मित्रांबरोबर आलेले आले. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे. म्हणजे शंभरातल्या दोन माणसांनीसुद्धा तिकीट काढलं नाही, अशा चित्रपटाला आपण ‘देशाचा कौल’ म्हणतो. ज्या निवडणुकीत अठ्ठ्याण्णव टक्के लोक मतदानाला गेलेच नाहीत, तिचा निकाल काय लावायचा? हे ‘केरला स्टोरी’ला लागू आहे आणि तितकंच ‘पठाण’ला.

‘टॅक्स फ्री’ या शब्दाचाही एक भ्रम आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांचा जुना करमणूक कर त्यात गेला. त्यानंतर राज्य सरकार फार तर आपल्या वाट्याचा जीएसटी सोडू शकतं. १८ टक्क्यांतला निम्मा, म्हणजे ९ टक्के. दोनशे रुपयांच्या तिकिटामागे पंधरा-अठरा रुपये. त्यासाठी कुणी थिएटरात धावत नाही. टॅक्स फ्रीचा खरा फायदा जाहिरातीचा. सरकारने शिक्का मारला की तो चित्रपट बघणं हे काही लोकांना कर्तव्य वाटू लागतं. ‘काश्मीर फाइल्स’च्या वेळी तर आसाममध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना तो बघण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा जाहीर झाली होती. पुढाऱ्यांनी, संघटनांनी अख्खे शो बुक करून लोकांना फुकट दाखवले. ही तिकिटंही कलेक्शनमध्येच धरली जातात. आपल्या बाजूलाही फॅन क्लबने अख्खे शो बुक केले, बांद्र्याच्या गेटी-गॅलेक्सीत ‘पठाण’चा सकाळी नऊचा शो लावला, ढोल वाजवले. शाहरुखच्या चाहत्यांचा उत्साह आणि पक्षाच्या कार्यकर्त्याची मोफत तिकिटं एका मापाची नाहीत, मान्य. पण आकड्यात दोन्ही सारखीच दिसतात.

बरं, सरकारी शिक्का आणि पुढाऱ्यांची शाबासकी एवढ्याने पिक्चर चालतो का? नाही चालत. ‘७२ हूरें’ आठवतो का कुणाला? जुलै २०२३ मध्ये त्याच्या ट्रेलरवरून आपल्याकडे किती निवेदनं निघाली, किती संताप झाला. पिक्चर आला तसा गेला. ‘काश्मीर फाइल्स’ बनवणाऱ्यांचाच ‘द व्हॅक्सिन वॉर’ पडला, ‘केरला स्टोरी’वाल्यांचाच ‘बस्तर’ पडला. ‘हमारे बारह’वर हायकोर्टात खटले झाले, तो जून २०२४ मध्ये काटछाट होऊन आला आणि थिएटरात कुत्रंही फिरकलं नाही. ‘द साबरमती रिपोर्ट’ कित्येक राज्यांत टॅक्स फ्री झाला, डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी संसदेच्या आवारात तो पाहिला. शंभर कोटींच्या जवळपासही पोहोचला नाही. ‘इमर्जन्सी’ गेला. सप्टेंबर २०२५ चा ‘द बंगाल फाइल्स’ गेला. यादीत ‘आर्टिकल ३७०’सारखा एखादा बऱ्यापैकी चाललाही. पण बाकीची रांग बघितली तर एक गोष्ट दिसते: द्वेष हा हमखास विकणारा माल असता तर ही दुकानं बंद पडली नसती. एका-दोघांना लॉटरी लागली म्हणून दहा जणांनी तिकिटं काढली आणि हात पोळून घेतले.

त्याच काळात सामान्य प्रेक्षक कुठे गेला? २०२४ मध्ये ‘स्त्री २’ ला, २०२५ च्या जुलैत ‘सैयारा’ला. एक भुताची विनोदी गोष्ट, दुसरी दोन नवख्या चेहऱ्यांची प्रेमकथा. दोन्हींनी भारतात तीनशे कोटींच्या वर नेट नेलं, ‘स्त्री २’ ने तर त्याच्या जवळपास दुप्पट. त्या आठवड्यांत आपल्या ग्रुपवर हार-जीत झाली नाही, कारण कोणता संघ आपला हेच कुणाला कळेना.

‘छावा’ची गोष्ट मात्र या सगळ्यांपेक्षा निराळी आहे आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती टाळून चालणार नाही.

१४ फेब्रुवारी २०२५ ला तो आला, पाच दिवसांनी शिवजयंती. देशभरात सहाशे कोटींच्या आसपास नेट, आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच राज्यातून. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी हा आकडा असा वाचला की महाराष्ट्रातली इतकी माणसं आपल्या विरोधात तिकीट काढून बसली. मला हे वाचन चुकीचं वाटतं. संभाजी महाराजांविषयीची आस्था मराठी माणसात या चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून आहे. शिवाजी सावंतांची कादंबरी घराघरात वाचली गेली आहे, आपल्याही घरांत ती आहे. चांगला नट, दणक्यात केलेल्या लढाया, शिवजयंतीचा आठवडा, आणि मराठी माणसाला हिंदीत एवढ्या मोठ्या पडद्यावर आपला राजा पहिल्यांदाच दिसलेला. चालणारच होता. त्याला संगीत ए. आर. रहमानचं आणि गाणी इर्शाद कामिलची, हेही जाता जाता. रमजान सुरू झाला तेव्हा चित्रपट तिसऱ्या आठवड्यात होता आणि तरीही तो भरत होता. यात मुस्लिमांविरुद्धचं मतदान शोधणं म्हणजे शेजारच्या शिंदेकाकूंनी डोळे पुसत पिक्चर बघितला तो आपल्यावर रागावून, असं म्हणणं आहे.

मग काहीच झालं नाही का? झालं. भरपूर झालं. थिएटरांतून घोषणांचे व्हिडिओ फिरले. औरंगजेबाच्या कबरीचा विषय रस्त्यावर आला. १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला, ऐन रमजानमध्ये शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली, एका माणसाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत बोलले. चित्रपटाला दोष द्यायचा नाही असं सांगतानाच, ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उसळून आला, असंही ते म्हणाले. त्याआधी मे २०२३ मध्ये अकोल्यात इन्स्टाग्रामवरच्या एका वादातून दंगल पेटली होती. त्या वादात ‘केरला स्टोरी’चा विषय होता, अशा बातम्या तेव्हा आल्या. तिथेही एक माणूस गेला, आणि तो हिंदू होता. मरणाऱ्याच्या घरी कलेक्शनचा आकडा कुणी विचारत नाही.

म्हणजे पिक्चरचा परिणाम होत नाही, असं मी म्हणत नाही. परिणाम होतो, पण तो आकड्यातून मोजता येत नाही. वीस कोटी कमावलेल्या पिक्चरची तीस सेकंदांची क्लिप मोबाइलवर फिरून जे करू शकते, ते सहाशे कोटींचा पिक्चर करेलच असं नाही. काळजी करायची तर ती क्लिपची, भाषणाची, थिएटराबाहेर उभ्या राहणाऱ्या टोळक्याची करावी, आणि त्यासाठी कायद्याचे रस्ते आहेत. ‘केरला स्टोरी’च्या ३२ हजार मुलींच्या दाव्याला सुप्रीम कोर्टात आव्हान गेलं. मे २०२३ मध्ये कोर्टाने पश्चिम बंगालच्या बंदीला स्थगिती दिली, पण त्याचबरोबर निर्मात्यांना सूचना द्यायला लावली की या आकड्याला खात्रीलायक आधार नाही आणि चित्रपट काल्पनिक आहे. ट्रेलरच्या वर्णनात ३२ हजारांच्या तीन झाल्या. तिथे एक आकडा खरोखर महत्त्वाचा होता आणि त्यावर काही वकिलांनी चिकाटीने काम केलं. आपली पोरं त्या आठवड्यात दुसऱ्याच आकड्यात गुंतली होती.

आता आपल्या स्वतःच्या थिएटरांकडे येऊ, कारण इथे एक नुकसान गुपचूप झालंय.

मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. जुमा, सुट्टी आणि नवा पिक्चर, तिन्ही एकाच दिवशी. त्यामुळे शुक्रवारचा पहिला शो ही तिथल्या कामगारांची हक्काची गोष्ट. भिवंडीत, मुंबईच्या मदनपुऱ्यात, औरंगाबादच्या जुन्या शहरात, असं हे एकपडदा थिएटरांचं जग होतं. तिथल्या शिट्ट्यांवर स्टार मोठे झाले. आता हिशेब मांडा. सातशे खुर्च्यांचं थिएटर, ऐंशी रुपये तिकीट, हाऊसफुल्ल: छप्पन हजार. मॉलमधली दोनशे खुर्च्यांची स्क्रीन, साडेतीनशे रुपये तिकीट, हाऊसफुल्ल: सत्तर हजार. सातशे माणसांचा आवाज दोनशे माणसांपेक्षा कमी भरला. कलेक्शन रुपये मोजतं, माणसं मोजत नाही. एकपडदा थिएटरं एकेक करून बंद होत गेली, कुठे गोदाम झालं, कुठे मंगल कार्यालय, कुठे टॉवर. ‘पठाण’साठी देशभरात बंद पडलेली पंचवीस थिएटरं पुन्हा उघडली, तर ती बातमी झाली. यावरूनच काय ते समजा.

सलमान खानच्या ईदच्या पिक्चरांचं काय झालं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. ‘वाँटेड’, ‘दबंग’, ‘बॉडीगार्ड’, ‘एक था टायगर’, ‘किक’, ‘बजरंगी भाईजान’, ‘सुलतान’. २००९ ते २०१६ या काळात ईद म्हणजे सलमान असं समीकरण होतं, शेवटचे दोन तर भारतात तीनशे कोटी नेटच्या पुढे गेले. ‘ट्यूबलाइट’पासून घसरण दिसू लागली. २०१९ च्या ‘भारत’ने पहिल्या दिवशी ४२ कोटी आणले, २०२३ चा ‘किसी का भाई किसी की जान’ आणि २०२५ चा ‘सिकंदर’ कसेबसे एकशेदहा कोटींच्या आसपास थांबले. ‘सिकंदर’ तर प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीच इंटरनेटवर फुटला होता. आपल्याकडे यावर दोन मतं ऐकू आली. एक, लोकांनी मुस्लिम हिरोला नाकारलं. दुसरं, आपल्याच समाजाने साथ दिली नाही. दोन्ही मला पटत नाहीत. त्या दोन वर्षांच्या मधेच ‘पठाण’ आणि ‘जवान’ चाललेत, मग पहिलं मत टिकतं कुठे? आणि साधी गोष्ट अशी की पिक्चर वाईट होते. सलमानचा प्रेक्षक ज्या थिएटरात बसायचा ती थिएटरं गेली, आणि मॉलमध्ये पाच जणांच्या कुटुंबाला पॉपकॉर्नसकट दोन-अडीच हजार लागत असतील तर वाईट पिक्चरसाठी ते कोण घालवेल? तोच पिक्चर दोन महिन्यांनी घरी मोबाइलवर येतो.

चाहत्यांचं प्रेम कमी झालेलं नाही, उलट कुठे कुठे ते जीवावर बेतेल असं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावच्या एका थिएटरात ‘टायगर ३’ चालू असताना आत फटाके आणि रॉकेट उडवले गेले. लोक खुर्च्यांवरून पळाले. पोलिसांनी गुन्हा दाखल केला आणि खुद्द सलमानला सांगावं लागलं की स्वतःला आणि दुसऱ्यांना धोक्यात घालू नका. त्या पोरांना आपण ‘आपल्या’ पिक्चरचं ओपनिंग साजरं करतोय असंच वाटत असणार.

आणि याच मालेगावच्या पोरांवर, नासिर शेखवर आणि त्याच्या मित्रांवर, ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ नावाचा पिक्चर २८ फेब्रुवारी २०२५ ला आला. रीमा कागतीने केलेला, टोरंटोच्या महोत्सवात कौतुक झालेला. व्हिडिओ पार्लर चालवणारा एक मुस्लिम तरुण गावच्या मजुरांना घेऊन स्वतःचा ‘शोले’ बनवतो, त्यात ना दहशतवादी ना दंगल, फक्त पिक्चरचं वेड आणि दोस्ती. खरं तर ‘आपला’ म्हणावा असा पिक्चर यापेक्षा दुसरा कुठला? ‘छावा’ची गर्दी ओसरली नव्हती, एक-दोन दिवसांत रमजान लागला, शो मोजके. गल्ला दहा कोटींपर्यंतही गेला नाही. आपल्या ग्रुपवर त्याच्या कलेक्शनवरून एकही भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

आता ईदच्या रिलीजबद्दल एक कॅलेंडरची गोष्ट, जी ट्रेडवाले हळूच मोजतात आणि चाहते विसरतात. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. सलमानच्या त्या सोन्याच्या वर्षांत ती सप्टेंबरपासून सरकत जुलैपर्यंत आली, म्हणजे वार्षिक परीक्षांच्या भानगडीपासून लांब. २०१९ ला तर जूनच्या सुरुवातीला, भर सुट्टीत. २०२५ ला मार्चअखेर आली. २०२६ ची ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, बोर्डाचे पेपर संपता संपता आणि खालच्या वर्गांची परीक्षा तोंडावर असताना. २०२७ ची, चांद दिसेल तसा एखादा दिवस इकडे-तिकडे, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऐन दहावी-बारावीच्या पेपरांत. मग पुढची तीन वर्षं फेब्रुवारी. तेव्हा पुढच्या काही ईदींना कुठल्याही खानचा पिक्चर आला आणि ओपनिंग कमी लागली, तर कुणी बहिष्कार टाकला हे शोधण्याआधी घरात गणिताचा पेपर कुणाचा आहे ते बघा.